तीन वाजताचा गॅस

१२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे, नाहीतर नंतर लोक म्हणतात आपोआप झालं.

काम असं: घरात गॅस किती जळतो आणि कधी जळतो, ते होम ऑटोमेशनला जोडायचं. दिवे जोडून झाले. बैठकीतला एक दिवा अजून भरदिवसा लागतो, पण तो दोष दिव्याचा. पंखा जोडून झाला. राहिला गॅस. बिल महिन्यागणिक फुगतंय आणि घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. बायको म्हणते, थंडी आहे, पाणी तापवतो, वाढणारच. ही झाली भावना. मला डेटा हवा.

ऑफिसात माझ्यासमोर जो बसतो, त्याच्या घरचे पडदे आपोआप सरकतात. रोज सांगतो. गॅस मात्र त्याला जमलेला नाही.

संकल्प: पुढच्या रविवारी सगळं चालू.

संध्याकाळ
घरच्यांना योजना समजावली. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांचे गॅस मीटर एका कपाटात आहेत. मीटरच्या शेवटच्या आकड्याच्या चाकात बारीकसा चुंबक असतो. बाहेरून सेन्सर चिकटवायचा. चाकाची फेरी झाली की सेन्सरला कळतं, तो वाय-फायवरून वर कळवतो, कॉम्प्युटर आलेख काढतो. शेंबड्या पोराला कळेल. बायकोने विचारलं, तेवढ्यासाठी खाली जाऊन आकडा वाचला तर चालणार नाही का. मीटर जाऊनच बघायचा असेल तर सेन्सर कशाला?

अण्णांनी विचारलं, आलेख बघून करणार काय. मी म्हटलं, निर्णय. ते नुसतं हं म्हणाले आणि परत वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल खुणा करू लागले. अण्णा म्हणजे माझे वडील; आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, ती खोड अजून आहे. खुणा केलेला पेपर कुठेही पाठवत नाहीत. घडी करून रद्दीत ठेवतात.

बाकी अण्णांचा घरात त्रास नाही. दुपारी तीनला स्वतःच्या हाताने चहा करतात. तेव्हा त्यांचे मित्र चष्मेवाले येतात. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. दोघं बुद्धिबळ मांडून बसतात. आई गेल्यापासूनचा नेम. माझी थोरली बहीण परगावी असते, ती अण्णांना कधीची बोलावतेय, पण या तीनच्या चहापायी ते हलत नाहीत.

१५ फेब्रुवारी, बुधवार
पार्सल आलं. सेन्सर, छोटा बोर्ड, वायरी. माहितीपत्रक सात भाषांत, त्यातली एकही मला येत नाही. चित्रं आहेत. चित्रांवरून कळतं.

१८ फेब्रुवारी, शनिवार. ऑफिसातून आल्यावर
तळघरात उतरलो. कपाटात मीटरच मीटर, दिवा मिणमिणता. आपला कुठला? बायकोला फोन केला. ती म्हणाली, बिलावर नंबर आहे, वर येऊन घेऊन जा. तीन जिने चढायचे, परत उतरायचे. त्यापेक्षा शास्त्रीय पद्धत: अण्णांना फोनवर सांगितलं, शेगडी पेटवा. पेटवली म्हणाले. तीन मीटर फिरत होते, कारण सगळ्यांची स्वयंपाकाची वेळ. त्यातला सगळ्यात जोरात फिरणारा आमचा. आमच्याकडे वापर बेसुमार आहे हेच तर सिद्ध करायचंय.

सेन्सर चपखल बसेना, मध्ये एक जुनाट स्टिकर. खरवडून काढला. सेन्सरवर माझी चिठ्ठी लावली: चालू प्रयोग, हात लावू नये, दुसरा मजला.

वर आल्यावर अण्णांना स्टिकरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलं होतं त्याच्यावर. मी म्हटलं, वाचलं नाही. त्यावर म्हणाले, आधी वाचावं, मग काढावं, छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी कशासाठी तरी छापलेलं असणार. जुनी माणसं.

१९ फेब्रुवारी, रविवार
वाय-फाय तळघरात पोचत नाही. दिवसभर नाकी नऊ. शेवटी जिन्यावरून वायर खाली सोडली. पहिल्या मजल्यावरची नर्स त्यात पाय अडकून पडता पडता वाचली. रात्रपाळी करते, दिवसा झोपते, नेहमीच डोळ्यांवर झोप. मी म्हटलं, जरा बघून चालावं. काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं.

आज सगळं चालू होणार होतं. झालं नाही. कारण वायर.

२२ फेब्रुवारी, बुधवार
पहिला आकडा आला. त्यावरून कालच्या एका दिवसात आम्ही एखाद्या हॉटेलाइतका गॅस जाळला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, हॉटेल असतं तर बरं होतं, निदान कुणीतरी वाढलं असतं. तिच्या औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिचा सूर असा होतो. मी मनावर घेत नाही.

चूक एका शून्याची होती. चूक बोर्डाची.

२६ फेब्रुवारी, रविवार
चालू झालं. आठवडाभर उशीर, पण मोठ्या कामात धरून चालायचं. आलेख सुरेख येतो. निळी रेघ. ऑफिसातल्या पडदेवाल्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, म्हणजे जळला.

निरीक्षणं:
आमच्या सकाळच्या आंघोळी आलेखात दिसतच नाहीत. आंघोळीला आपण समजतो तेवढा गॅस लागत नसावा. नवीनच ज्ञान.
आम्ही दोघं बाहेर पडल्यावर नऊच्या सुमाराला वापर आहे. अण्णा दुसऱ्यांदा आंघोळ करत असावेत.
रोज दुपारी तीनला गॅस सुरू होतो तो चारच्या पुढेपर्यंत चालूच. दोन कप चहाला?

हे शेवटचं पुन्हा एकदा वाचलं. अण्णा चहा करतात आणि शेगडी बंद करायला विसरतात.

आज रविवारी मात्र वापर शून्य. रविवारी मी घरी असतो, त्यामुळे अण्णा सावध.

२७ फेब्रुवारी, सोमवार
अण्णांशी बोललो. शांतपणे बोललो. ते म्हणाले, चहा झाला की मी गॅस बंद करतो, बटण फिरवतो आणि परत एकदा हात लावून बघतो, चाळीस वर्षं प्रुफं दोनदा वाचली तसं. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून आलेख बराच वेळ बघितला. चुका शोधत असावेत. एकही सापडली नाही. मोबाइल परत दिला.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, की खाली जाऊन मीटर एकदा डोळ्यांनी बघून येतोस का. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१ मार्च, बुधवार
निर्णय घेतला. अण्णांनी शेगडीला हात लावायचा नाही. सकाळी बायको चहा करून थर्मासमध्ये भरेल. बायको म्हणाली, हे तूच त्यांना सांग, मी सांगणार नाही. मी सांगितलं. अण्णा म्हणाले, बरं. एवढंच. मला वाटलं होतं वाद घालतील, त्यासाठी मी मुद्दे काढून ठेवले होते. वाया गेले.

जिन्यात नर्स भेटली, बॅग घेऊन निघालेली. आठवडाभर माहेरी जाते म्हणाली. मी म्हटलं, वायर सांभाळून.

५ मार्च, रविवार
देदीप्यमान यश. तीनचा वापर शून्य. नऊचाही शून्य. खरं तर संध्याकाळचाही जवळजवळ शून्य. म्हणजे बायकोनेही काटकसर मनावर घेतली, फक्त कबूल करत नाही. तिला विचारलं. ती म्हणाली, काल आपण जेवलो ते काय उन्हात शिजवलं होतं? माणसाला कौतुक झेलता येत नाही ते असं.

ताईला फोन करून सगळं सांगितलं, आलेख पाठवले, आधीचा आणि नंतरचा. ती घाबरली. म्हणाली, दिवसभर एकटे असतात रे ते. मी म्हटलं, एकटे कुठे, सिस्टीम आहे.

चष्मेवाले दोनदा येऊन गेले. थर्मासच्या चहाला झाकणाचा वास येतो म्हणाले. या वयात माणसं लाडावतात.

९ मार्च, गुरुवार
तीनचा वापर पुन्हा सुरू. ऑफिसात मोबाइलवर दिसला. संध्याकाळी अण्णांना विचारलं. म्हणाले, मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला गेलो होतो. मग म्हणाले, असं मला वाटतं.

आता पुढची पायरी. बैठकीतला स्पीकर जोडला. गॅस चालू झाला की तो बोलेल: गॅस चालू आहे, कृपया तपासा. बाईचा आवाज निवडला, आश्वासक आहे.

१२ मार्च, रविवार
बायको रोज निघताना पाइपचा कॉक बंद करून जाते. तरी दुपारी स्पीकर बोलतोच. बायकोचं म्हणणं, कॉक सिंकच्या खाली आहे, तिथे अण्णांना वाकता येत नाही, मग गॅस येतो कुठून. मी म्हटलं, सवय माणसाकडून काहीही करून घेते. तिने पुन्हा मीटरचा विषय काढला. मी सरळ गॅलरीत गेलो. एखादी गोष्ट किती वेळा समजावायची?

गॅलरीतून अण्णा दिसत होते. पेपर मांडीवर, लाल पेन खिशात. खूण एकही नाही.

१४ मार्च, मंगळवार
दुपारी ऑफिसात अण्णांचा फोन. ते कधी फोन करत नाहीत. म्हणाले, ती बाई म्हणते गॅस चालू आहे. मी म्हटलं, मग बंद करा. म्हणाले, मी स्टूल घेऊन शेगडीच्या समोरच बसलोय, जेवण झाल्यापासून बसलोय, मला बंद दिसतेय. मी म्हटलं, अण्णा, सेन्सर खोटं बोलत नाही. मागून बाईचा आवाज येत होता, कृपया तपासा. मग म्हणाले, बरं, बघतो पुन्हा.

समोरच्या पडदेवाल्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, घरी सिस्टीम काम करतेय.

१५ मार्च, बुधवार
काल रात्री जेवताना अण्णा बायकोला म्हणाले, काहीतरी निसटायला लागलंय गं, मला कळतच नाहीये. बायको ताटावरून उठून गेली. मग माझ्याशी बोलणं बंद. मी काय केलं? मी फक्त मोजतोय.

आज अण्णांनी आपणहून ताईला फोन केला. येतो म्हणाले. इतकी वर्षं तिने विनवण्या केल्या तेव्हा हलले नाहीत. तिने मला कळवलं तेव्हा ती रडत होती. आनंदाने असावी.

चष्मेवाल्यांनी अण्णांचे डोळे तपासून घेतले. मुलाच्या दुकानात स्वतः घेऊन गेले. नंबर तोच आहे.

१८ मार्च, शनिवार
सकाळी ताई आली आणि अण्णांना घेऊन गेली. मला ऑफिसला जावंच लागलं, मार्चअखेर जवळ आहे. फोनवर बोललो. अण्णा म्हणाले, पेपर बंद कर आता, उगाच बिल नको.

बायको म्हणाली, बुद्धिबळाचा पट त्यांनी चष्मेवाल्यांना देऊन टाकला. सोंगट्यांसकट.

हा निर्णय सर्वांच्या हिताचा. घर सुरक्षित. आज झोप चांगली लागेल.

१९ मार्च, रविवार
लागली नाही. उशी बदलायला हवी.

२० मार्च, सोमवार. दुपारी ३ वाजून १० मिनिटं, ऑफिस
मोबाइलवर निरोप: गॅस चालू आहे, कृपया तपासा.
घरात कुणी नाही.

संध्याकाळ
साहेबांना पोटदुखी सांगून रिक्षाने घरी आलो. दाराला कुलूप जसंच्या तसं. शेगडी गार. कॉक बंद. रिकाम्या बैठकीत ती बाई बोलतेय, गॅस चालू आहे.

विचार केला. या नव्या सिस्टीम शिकत असतात. इतके दिवस रोज तीनला अण्णा, त्यामुळे तिला अण्णांची सवय लागली असणार. हळूहळू सुटेल. एकदा रीस्टार्ट करून बघतो.

बायको दुकानातून आली. तिला हे सांगितलं. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या माझ्याकडे बघत राहिली. असं तिने माझ्याकडे पूर्वी एकदाच बघितलं होतं, लग्नाच्या आधी, आणि तेव्हा अर्थ वेगळा होता.

२१ मार्च, मंगळवार. सकाळी
आलेख अचानक सपाट. डेटा बंद. कुणीतरी वायर तोडली असणार. या इमारतीत विज्ञानाला शत्रू फार. सेक्रेटरींकडे लेखी तक्रार करणार.

त्यानंतर
दाराची बेल. खालची नर्स, ड्यूटीवरून आलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत माझा सेन्सर, बोर्ड आणि माझी चिठ्ठी. मी आवाज चढवून म्हटलं, चालू प्रयोग असं स्वच्छ लिहिलेलं असताना हात लावलाच कसा. ती म्हणाली, गॅस कंपनीने आकडा वाचून पाठवायला सांगितला म्हणून खाली गेले, तर माझ्या मीटरवर तुमचा डबा. मीटर तिचा नाही असं मी म्हटलं. तिने पर्समधून बिल काढलं आणि मोबाइलवर मीटरचा फोटो दाखवला. नंबर तोच. वर म्हणाली, इथे माझ्या बिऱ्हाडाचा नंबर असलेला स्टिकर होता, तो कुठल्या शहाण्याने काढला कोण जाणे. मी म्हटलं, कंपनीची माणसं काहीही करतात.

मग मी सहज विचारलं, दुपारी तीनला तुम्ही काय करता. ती म्हणाली, उठते, आंघोळ करते, स्वयंपाक करते, तुम्हाला काय करायचंय. आणि सकाळी नऊला? ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ. रविवारी सुट्टी, तेव्हा मी बाहेर असते. माणसाला विचारायची पद्धत असते म्हणाली आणि गेली.

बायको मागे उभी होती. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं बोलेल. ती चपला घालून दुकानाला निघून गेली. जाताना फक्त म्हणाली, आज फोन कर त्यांना. उद्या नाही, आज.

तसं पाहिलं तर सेन्सर अचूकच होता. एकही फेरी चुकली नाही. हे कुठेतरी नोंदवलेलं असावं म्हणून लिहितो.

दुपार
रजा टाकली. फोन करायचा तर मांडणी नीट हवी. आधी सेन्सरची अचूकता, मग जागेसंबंधी किरकोळ तफावत, मग निष्कर्ष. कागदावर मुद्दे काढले. फाडले. दुसरे काढले. चहासाठी दूध तापत ठेवलं आणि धीर करून फोन लावला.

ताईने उचलला. म्हणाली, अण्णा स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाहीत. उंबऱ्यातून विचारतात, गॅस बंद आहे ना. दिवसातून कितीतरी वेळा. काल मी आंघोळीला गेले होते, तर दाराबाहेरून विचारत होते.

मग अण्णा आले. माझे मुद्दे हातात होते, एकही वाचता आला नाही. म्हटलं, अण्णा, तो मीटर नर्सचा होता. तुम्ही कधीच विसरला नव्हता. एकदाही नाही. माझं चुकलं.

मग त्यांनी विचारलं, त्या स्टिकरवर काय होतं. मी म्हटलं, तिच्या बिऱ्हाडाचा नंबर. हं म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही परत या, मी घ्यायला येतो. ते म्हणाले, आता राहू दे. तुझा मीटर तिचा असेल, पण माझ्या मनातून ते जात नाही बघ. आता बोलतोय तुझ्याशी, तरी वाटतंय तिकडे गॅस चालू राहिलाय. एकदा बघून ये, माझ्यासाठी.

मी म्हटलं, अण्णा, घरात मी एकटा आहे, कशाला चालू असेल. म्हणाले, तरी बघून ये.

गेलो. दूध उतू जाऊन, आटून, उरलेलं करपलं होतं. पातेलं कोळशासारखं. खाली ज्योत अजून जळतेय. स्वयंपाकघरभर धूर आणि बैठकीतली ती बाई गप्प, कारण तिचा सेन्सर पिशवीत. गॅस बंद केला, खिडकी उघडली, खोकत परत आलो.

म्हटलं, बंद आहे अण्णा.

त्यांनी विचारलं, मग एवढा वेळ का लागला. आणि खोकतोयस का. चाळीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसापुढे काय लपणार? सांगितलं. दूध ठेवलं होतं, विसरलो.

मग अण्णा हसायला लागले. ताई मागून विचारत होती काय झालं, काय झालं, त्यांना सांगता येईना. ठसका लागेपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. मी फोन धरून तसाच उभा राहिलो. मला नाक पुसावं लागलं. धूर होता.

मग म्हणाले, उद्याच ये मला न्यायला. तुला घरात एकटं ठेवणं बरं नाही.

संध्याकाळी
पेपरवाल्याला पेपर पुन्हा चालू करायला सांगितला. चष्मेवाल्यांकडे पट मागायला गेलो. त्यांनी विचारलं, गॅसचं निघालं काय. मी म्हटलं, तांत्रिक. त्यांनी पट दिला, पण एक प्यादं स्वतःकडे ठेवून घेतलं. ते अण्णांच्याच हातात देणार म्हणाले.

बायको आली. वास आल्याबरोबर स्वयंपाकघरात गेली, पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली तळघरात गेली आणि आमच्या मीटरचा आकडा वाचून आली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सकाळची पहिली बस. पातेलं भिजत घातलंय.